जुन्या आजाराच्या सावलीत

२०१२ सालच्या दिवाळीत मी गावी गेले होते. सकाळी स्वयंपाकघरात गॅसवर दूध तापत होते आणि जवळच पाटावर माझी आत्या बसलेली होती. थोड्या वेळाने करपल्याचा वास माजघर ओलांडून बाहेरच्या खोलीत माझ्यापर्यंत आला. मी धावत आत गेले. दूध उतू जाऊन पातेल्याचे बूड काळे पडले होते आणि आत्या तशीच शांत बसून होती. "आत्या, तुला वास नाही आला?" असे मी विचारले. "कसला?" एवढेच ती म्हणाली.

घरात कोणालाच याचे नवल वाटले नाही. आत्याला १९८९ पासून स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. रात्र रात्र जागायची, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असे म्हणायची, कोणी नसताना तिला आवाज ऐकू यायचे. गोळ्या आणि महिन्याच्या इंजेक्शनावर ती पुष्कळ सावरली. आजीबरोबर वाती वळणे, रेडिओ ऐकणे, परसातल्या झाडांना पाणी घालणे असा तिचा दिवस जाई. २०१२ साली मात्र यातले एकेक बंद पडत गेले. कोणी सांगितल्याशिवाय ती आंघोळीला उठेना. कधी कधी अंथरूण ओले होई आणि त्याचे तिला काही वाटत नसे. "तिचं लक्षच नसतं गं हल्ली, आजार वाढलाय," आई म्हणाली. तिचे उपचार चालू होते तेथेही तसेच ठरले आणि औषधाची मात्रा दोनदा बदलण्यात आली. मेंदूच्या पेशींवर काम करून डॉक्टरेट मिळवलेल्या मलाही आईचे म्हणणे पटले.

चार महिन्यांनी गावात नेत्रतपासणी शिबिर भरले. आत्याला अंधुक दिसते म्हणून चष्म्यासाठी तिला नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत डोकावून पाहिले, पुन्हा पाहिले आणि चष्म्याचा नंबर देण्याऐवजी स्कॅन करून घेण्यास सांगितले. मेंदूच्या पुढच्या भागाखाली लहान मोसंबीएवढी गाठ होती.

दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या माणसाच्या मेंदूत गाठ झाली, तर ती ओळखणे इतके अवघड का जाते? आणि ती ओळखावी कशी? या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करू.

बंद डब्यातील जागा

कवटी हा हाडाचा बंद डबा आहे. मोठ्या माणसाच्या या डब्यात सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅमचा मेंदू, सुमारे १५० मिलिलिटर मेंदूजल आणि रक्तवाहिन्यांतील रक्त एवढ्या तीनच गोष्टी असतात. डबा ताणला जात नाही. त्यामुळे एका गोष्टीने जास्त जागा घेतली तर दुसरीला कमी जागा उरते. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आजही मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया आहे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ओला स्पंज बसवा. त्यात एक लहान खडा सरकवला तर स्पंजातून थोडे पाणी बाहेर येते आणि झाकण लागते. मोठा दगड घालायचा प्रयत्न केला तर झाकण लागत नाही. मेंदूतही असेच होते. गाठ लहान असेतो मेंदूजल आणि शिरांतील रक्त थोडे बाजूला होऊन जागा करून देतात. ही सोय संपली की मात्र कवटीतील दाब भराभर वाढू लागतो.

गाठ कशी वाढते यावर पुष्कळ अवलंबून असते. मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या ग्लायोमा या गटातील काही गाठी आठवड्या-महिन्यांत वाढतात. त्या फार काळ लपून राहत नाहीत. याउलट मेंदूच्या आवरणापासून निघणारी मेनिंजिओमा ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते आणि वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. हे नाव अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले. ती स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि वयाबरोबर तिचे प्रमाण वाढते. इतक्या संथपणे वाढणाऱ्या गाठीशी मेंदू जुळवून घेत राहतो. शिवाय मेंदूच्या पेशीसमूहाला स्वतःला वेदना कळत नाही. डोके दुखते ते आवरणे आणि रक्तवाहिन्या ताणल्या गेल्यामुळे. म्हणून मोठी गाठ असूनही डोकेदुखी नाही, असेही घडू शकते.

गप्प राहणारा भाग

मेंदूचा प्रत्येक भाग गाठीबद्दल सारखीच तक्रार करीत नाही. हातापायांच्या हालचाली घडवणाऱ्या पट्ट्यावर दाब आला तर हात लुळा पडतो. बोलण्याच्या केंद्रावर आला तर शब्द सापडत नाहीत. अशी लक्षणे दिसली की घरचे लोक ताबडतोब डॉक्टरकडे धावतात. पण कपाळामागे असलेल्या अग्रखंडाच्या पुढच्या भागावर दाब आला, तर हात चालतो, पाय चालतो, बोलताही येते. म्हणून जुने डॉक्टर या भागाला 'गप्प भाग' म्हणत.

तो खरोखर गप्प नसतो, हे फिनियस गेज या रेल्वे कामगाराच्या अपघाताने दाखवून दिले. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात सुरुंग भरताना स्फोट झाला आणि सुमारे १.१ मीटर लांबीची, सहा किलोग्रॅम वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा जबाबदार मुकादम राहिला नाही. तो लहरी आणि उद्धट झाला, असे त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी लिहून ठेवले. पुढे अनेक वर्षे त्याने घोडागाडी हाकण्याचे कामही केले. म्हणजे बदल कायमचा आणि सर्वस्वी होता असे नव्हे. परंतु स्वभाव, पुढाकार, समयोचित वागणे यांचा अग्रखंडाशी संबंध आहे, ही गोष्ट या घटनेमुळे अभ्यासकांसमोर आली.

अग्रखंडावरील गाठीची लक्षणे नेमकी याच क्षेत्रातली असतात. माणूस निरुत्साही होतो, तासन् तास बसून राहतो, स्वच्छतेकडे दुर्लक्ष करतो, लघवीवर ताबा राहत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. कधी उलट होते आणि माणूस वेळकाळ न पाहता विनोद करू लागतो. आता ही यादी मानसिक आजारांच्या यादीशेजारी ठेवून पाहा. निरुत्साह आणि न बोलणे नैराश्यात असते. स्वतःतच राहणे, आंघोळ टाळणे ही दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाची नेहमीची लक्षणे आहेत. उपचारांच्या गोळ्यांनीही सुस्ती आणि मंदपणा येतो. एकाच दृश्याची तीन कारणे असू शकतात आणि त्यांतले पहिले दोन अर्ज आधीच मंजूर झालेले असतात! तिसऱ्याकडे कोण पाहणार?

वास न येणे आणि नको तो वास येणे

आत्याच्या प्रसंगात मात्र एक गोष्ट वेगळी होती. लक्ष नसणे हे मानसिक आजाराचे लक्षण असू शकते. पण आठ हातांवर बसलेल्या माणसाला करपलेल्या दुधाचा वासच न येणे ही शरीरातील यंत्रणेची बाब आहे.

नाकाच्या छताशी चाळणीसारखे भोके असलेले एक पातळ हाड असते. वासाचे सूक्ष्म तंतू त्या भोकांतून वर जातात आणि अग्रखंडाच्या बुडाशी असलेल्या गंधचेतांना मिळतात. नेमक्या या खोबणीत मेनिंजिओमा वाढू लागली तर सर्वांत आधी गंध जातो. तोही हळूहळू जातो, त्यामुळे रुग्णाला स्वतःला पत्ता लागत नाही. गाठ आणखी मागे वाढली की डोळ्याकडून येणाऱ्या दृष्टिचेतेवर दाबते.

१९११ साली न्यूयॉर्कमधील चेतातज्ज्ञ फॉस्टर केनेडी यांनी अशा रुग्णांत एक चमत्कारिक जोडी दाखवून दिली. एका डोळ्याच्या दृष्टिचेतेचे टोक फिके, सुकलेले असते आणि दुसऱ्याचे सुजलेले. कारण सोपे आहे. ज्या बाजूची चेता गाठीने थेट दाबली जाते ती सुकते. दुसऱ्या बाजूच्या चेतेवर गाठ दाबत नाही, पण मेंदूची आवरणे आणि मेंदूजल दृष्टिचेतेभोवती थेट डोळ्यापर्यंत गेलेले असतात. त्यामुळे कवटीतील वाढलेला दाब तेथे पोचतो आणि ते टोक सुजते. शिबिरातील डॉक्टरांनी आत्याच्या डोळ्यांत पाहिली ती हीच जोडी.

वासाची दुसरीही खूण आहे. वास नसताना वास येणे. 'ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू' या रचनेमुळे प्रसिद्ध असलेले अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविन यांचे उदाहरण वैद्यकात वारंवार सांगितले जाते. फेब्रुवारी १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे वाद्यवृंदाबरोबर स्वतःची रचना वाजवत असताना त्यांचे भान क्षणभर हरपले. त्या वेळी जळक्या रबराचा वास आल्याचे त्यांनी नंतर सांगितले. पुढच्या महिन्यांत तसेच झटके, डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली. ते पूर्वीपासून मनोविश्लेषणाचे उपचार घेत होते. जूनमध्ये त्यांना काही दिवस रुग्णालयात ठेवले. तपासणीत विशेष काही आढळले नाही, पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासण्यास त्यांनी नकार दिला आणि हा उन्माद, म्हणजे मनाचा आजार असावा, असे मत होऊन त्यांना घरी पाठवण्यात आले. ९ जुलैला ते बेशुद्ध पडले. शस्त्रक्रियेत मेंदूच्या उजव्या शंखखंडात गाठ सापडली. ११ जुलै १९३७ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शंखखंडाच्या आतल्या बाजूस वासाचा अर्थ लावणारा भाग असतो. तेथे गाठीमुळे विजेचा छोटा झटका उठला की क्षणभर, बहुधा घाणेरडा किंवा जळका वास येतो. ती एक लहान आकडीच असते. १९३७ च्या शस्त्रक्रियेने गर्शविन यांना निश्चित वाचवता आले असते, असे म्हणता येणार नाही. पण तो वास म्हणजे मेंदू देत असलेली खबर होती आणि ती मनाच्या खाती जमा झाली, एवढे खरे.

निदानाची सावली

अशी चूक का होते? १९८२ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतिमंदत्व असलेल्या व्यक्तींबाबत एक गोष्ट दाखवली. त्यांना दुसरा एखादा विकार झाला तर तपासणारे तज्ज्ञ तो त्यांच्या मतिमंदत्वातच धरून टाकतात. मोठ्या झाडाखाली लहान रोप दिसू नये, तसे जुन्या निदानाच्या सावलीत नवा विकार झाकला जातो. हीच कल्पना आता मानसिक रुग्णांच्या शारीरिक आजारांनाही लावली जाते.

मेंदूतील गाठींच्या बाबतीत ही सावली फार दाट असते. विसाव्या शतकात मोठ्या मनोरुग्णालयांत मृत्यूनंतर केलेल्या शवविच्छेदनांत, जिवंतपणी कोणालाही शंका न आलेल्या गाठी आढळत आणि त्यांत मेनिंजिओमा लक्षणीय असत. १९६८ साली रिचर्ड हंटर, विल्यम ब्लॅकवुड आणि जेम्स बुल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अग्रखंडावरील मेनिंजिओमा असलेल्या तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिघांचेही आजार मानसिक लक्षणांच्या रूपाने पुढे आले होते. चेतासंस्थेचा रोग मनोविकाराचा वेष घेऊन येऊ शकतो, हे त्यांना सांगायचे होते.

औषधेही ही सावली वाढवतात. क्लोरप्रोमाझिन या औषधाने १९५२ पासून मनोविकारांच्या उपचारांत क्रांती झाली आणि लाखो रुग्ण घरी राहू शकले. पण या गटातील औषधांनी सुस्ती येते, हालचाल मंदावते, हात थरथरतात. काहींनी आकडी येण्याची शक्यता वाढते. काहींनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी थांबते. आता पाहा: मंदपणा, आकडी, पाळी थांबणे ही सारी मेंदूतील किंवा पीयूषिका ग्रंथीतील गाठीचीही लक्षणे आहेत. 'औषधामुळे होत असेल' हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते. म्हणूनच ते उरलेल्या थोड्या वेळी धोकादायक ठरते.

आणखी एक कारण माणसाशी निगडित आहे. बरीच वर्षे आजारी असलेल्या व्यक्तीच्या तक्रारीला घरात वजन राहत नाही. 'डोकं दुखतं' असे ती म्हणाली तरी ऐकणारा ते अर्ध्या कानाने ऐकतो.

आत पाहण्याची साधने

बंद डब्यात डोकावण्याची पहिली खिडकी डोळाच. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक तयार केला आणि बाहुलीतून दृष्टिचेतेचे टोक पाहता येऊ लागले. हे साधन हातात मावते आणि वीज नसलेल्या गावातही चालते. मात्र सर्वच गाठींत ते टोक सुजत नाही. म्हणून डोळा ठीक दिसला तरी गाठ नाहीच, असे म्हणता येत नाही.

येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. १९३६ साली ग्रे वॉल्टर यांनी गाठीच्या आसपास या लहरी संथ होतात असे दाखवले. त्याआधी १९१८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे काढली होती आणि १९२७ मध्ये पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडले होते. या पद्धती त्रासदायक आणि धोक्याच्या होत्या. त्यामुळे मनोरुग्णावर त्या सहसा केल्या जात नसत.

चित्र पालटले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन काढला. त्या बाईंच्या अग्रखंडात गाठ असल्याचा संशय होता आणि ती चित्रात दिसली. १९७९ सालचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळून देण्यात आले.

या यंत्रामागचे तत्त्व विद्यार्थ्यांना एका कोड्याने समजावता येईल. चार चौकटींत चार अंक दडलेले आहेत. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९, डाव्या उभ्या रांगेची ८ आणि उजवीची ६ आहे. अंक कोणते? वर ३ व २, खाली ५ व ४ हे उत्तर जमते. पण वर १ व ४, खाली ७ व २ हेही जमते! आता आणखी एका दिशेची माहिती द्या. वरचा डावा आणि खालचा उजवा यांची तिरकी बेरीज ७ आहे. लगेच पहिले उत्तर तेवढे उरते. क्ष-किरण डोक्यातून आरपार जाताना वाटेतील सर्व शोषणांची बेरीज सांगतात. अनेक दिशांनी अशा बेरजा घेतल्या की आतील प्रत्येक चौकटीचा आकडा काढता येतो. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या चित्रात ८० गुणिले ८० चौकटी होत्या.

पुढे आलेल्या एम. आर. आय. या तंत्रात क्ष-किरण नसतात. तीव्र चुंबकक्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संदेश टिपून चित्र बनते. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून दिले की मेनिंजिओमा चित्रात उजळून दिसते.

मग सर्वांचाच स्कॅन का करू नये?

हा प्रश्न साहजिक आहे. प्रत्येक मानसिक रुग्णाचा स्कॅन केला की काम झाले! पण याला दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की गाठ सापडणे आणि गाठीमुळे आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे सर्वसाधारण लोकवस्तीतील मध्यमवयीन व वृद्ध अशा २००० जणांच्या मेंदूचा एम. आर. आय. काढण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ०.९ टक्के लोकांत, म्हणजे सुमारे १८ जणांत मेनिंजिओमा आढळली. त्यांची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. अशी निरुपद्रवी गाठ एखाद्या मानसिक रुग्णात सापडली, तर तिला विनाकारण दोषी ठरवून शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो.

दुसरी अडचण प्रमाणाची. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांच्या मेंदूत गाठ नसते. म्हणूनच २००८ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने, तीव्र मनोविकाराचा पहिला झटका आलेल्या प्रत्येकाचा सरसकट स्कॅन करण्याची शिफारस करता येत नाही, असा निर्णय दिला.

एक गणित करू. आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत. समजा १००० जुने रुग्ण आहेत आणि त्यांतील ५ जणांना गाठ आहे. 'वागण्यात पूर्वी कधीच नव्हता असा बदल' हे लक्षण गाठ असलेल्या ५ पैकी ४ जणांत दिसते आणि गाठ नसलेल्या ९९५ पैकी ५० जणांत दिसते. हे लक्षण दिसलेल्या ५४ जणांचाच स्कॅन केला तर ४ गाठी सापडतील. म्हणजे आधी दोनशे जणांत एक असलेली शक्यता साधारण चौदा जणांत एक इतकी झाली. यंत्र तेच, पण ते कोणासाठी वापरायचे हे माणसाच्या निरीक्षणाने ठरवले. एक गाठ मात्र सुटली, हेही लक्षात ठेवायला हवे.

बदल कोणाला दिसतो?

या गणितातला सर्वांत मोलाचा आकडा यंत्राकडून मिळत नाही. तो रुग्णाबरोबर राहणाऱ्यांकडून मिळतो. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटे पाहतात. 'गेल्या वर्षी ही वाती वळायची, आता वळत नाही' हे घरचाच माणूस सांगू शकतो. पुढील गोष्टी दिसल्या तर त्या आवर्जून डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात:

१. आजाराचा चेहराच बदलणे. पूर्वी आजार उसळला की खूप बोलणारा माणूस या वेळी अबोल होणे.
२. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः सकाळी जास्त असणारी, आणि तिच्याबरोबर उलट्या.
३. पहिल्यांदाच आलेली आकडी.
४. वास जाणे, किंवा नसलेला वास वारंवार येणे.
५. अंधुक किंवा दोन-दोन दिसणे.
६. एका बाजूच्या हातापायातील कमजोरी, तोल जाणे, बोलताना शब्द न सापडणे.
७. लघवीवरील ताबा जाणे आणि त्याची जाणीव नसणे.
८. पूर्वी लागू पडणारे औषध नियमित घेऊनही उपयोग न होणे.
९. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर, आधी काही नसताना अचानक मानसिक आजार सुरू होणे.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे गाठ आहेच असे मुळीच नाही. आपल्याकडे तर क्षयाच्या गाठी आणि फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या पुटकुळ्याही अशीच लक्षणे दाखवतात. ही अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा दूषित पाण्यातून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. पुष्कळदा या दोन्ही आजारांवर शस्त्रक्रियेविना औषधांनी उपचार होतो. म्हणजे शोध घेतल्याचा फायदा गाठीपुरता मर्यादित नाही.

एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. हा लेख वाचून कोणी मनोविकाराची औषधे बंद करू नयेत. 'मानसिक आजार म्हणजे मेंदूतील गाठच असणार' हा समजही 'वेड्याला कसला शारीरिक आजार' या समजाइतकाच चुकीचा आहे. एका माणसाला दोन आजार होऊ शकतात, हे साधे सत्य दोन्हीकडे विसरले जाते.

आत्याची गाठ काढण्यात आली. तीन-चार महिन्यांनी ती आपण होऊन आंघोळीला जाऊ लागली. एके दिवशी तिने कापूस मागून घेतला आणि वाती वळायला बसली. गंध मात्र परत आला नाही आणि एका डोळ्याची दृष्टी कमी झाली ती कमीच राहिली. तिला अधूनमधून आवाज ऐकू येतात, गोळ्या आणि इंजेक्शन चालू आहेत. जुना आजार जुन्या जागी आहे. नवा तेवढा गेला. दिवाळीच्या त्या सकाळी मी "लक्ष नसेल" असे म्हणण्याऐवजी तिच्या नाकाशी लसणाची एक पाकळी धरली असती, तर चार महिने आधी शंका आली असती. कदाचित डोळ्याचाही थोडा भाग वाचला असता.

गावात मास्तर आणि बाई यांना लोक आजही सल्ला विचारतात. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी असा जुना आजारी माणूस असतोच. त्या घरच्यांना एक साधी वही ठेवायला सांगावे. त्यात तीनच प्रश्नांची उत्तरे लिहायची: नवीन काय दिसते? केव्हापासून? पूर्वीच्या आजारापेक्षा ते वेगळे कसे आहे? पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवायची. स्कॅनचे यंत्र जिल्ह्याच्या गावी असते, वही मात्र घरोघरी ठेवता येते.